खुर्चीच्या पाठीवरची दोन बोटं

१

वेष्टणाचा कागद फाडून सिस्टरनी फोटो बाहेर काढला, भिंतीला टेकवला, जरा मागे सरल्या आणि तिथेच थबकल्या. फोटोत त्यांची मुलगी नव्हती.

सून होती, नात होती, मुलगा होता, खुर्चीत त्या स्वतः होत्या. आणि तिथेच फोटो संपला होता. बाकी सगळं झकास. रंग स्वच्छ, चेहरे उजळ, चौकट भारीतली. फक्त जिच्यासाठी तो मोठा करून घेतला होता तीच गायब.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या परिचारिका. मेंदूच्या रुग्णांच्या वॉर्डात सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्या त्या दिवशी सगळं घर घेऊन स्टुडिओत आल्या आणि एक फोटो काढून घेतला. धाकट्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ. लहानपणापासून तिचा एक फोटो धड नाही. कुठे मान फिरलेली, कुठे हाताच्या जागी नुसता धूर. या एका फोटोत ती शहाण्यासारखी उभी राहिली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच एका वळणावर ट्रकने तिच्या दुचाकीला उडवलं. मग मागे राहिला तो हाच एक फोटो.

तर सिस्टर तो फोटो छातीशी धरून तडक स्टुडिओत आल्या. काउंटरवर आत्या बसली होती.

आत्या ही स्टुडिओवाल्या दादाची धाकटी बहीण. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात तिचा जन्म गेला. आग खरंच लागली की लावली, माणूस घसरला की घसरल्याचं सोंग, हे शोधायचं आणि शिव्या खायच्या. निवृत्तीनंतर घर खायला उठलं म्हणून दुपारची दादाच्या काउंटरवर येऊन बसे. आईबाप लवकर गेल्यावर दादानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे जगात ती फक्त त्याचं ऐकून घ्यायची, तेही निम्मंच. खोटं बोलणाऱ्याच्या कानाच्या पाळ्या आधी लाल होतात, असं तिचं ठाम मत होतं.

सिस्टर आरडाओरडा करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्या मुलीला यातून कोणी काढलं?"

२

दादा जेवायला घरी गेला होता. आतल्या खोलीत संगणकावर चष्मेवाली होती. ही दादाच्या हाताखाली तयार झालेली, फोटो सजवण्याचं काम करणारी मुलगी. तिच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की डोळे कुठेतरी लांब असल्यासारखे वाटत. पण काम लाख मोलाचं.

तिने फोटो पाहिला मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने ते टिपून ठेवलं.

चष्मेवालीने मुकाट्याने फाइल उघडली. दादाचा एक नियम होता आणि तो मोडला की तो अंगावर धावून यायचा: मूळ फोटोला हात लावायचा नाही. पूर्वी तो निगेटिव्हच्या बाबतीत असाच वागे. आता सॉफ्टवेअरच तसं घेतलं होतं. फोटो उजळा, कापा, डाग काढा, काय वाट्टेल ते करा. सॉफ्टवेअर फक्त हुकूम लक्षात ठेवतं. इथे एवढं उजळ, तिथून एवढं काप. पडद्यावर दिसतो तो हुकूम पाळलेला फोटो, खाली मूळ जसाच्या तसा. हुकूम मागे घेतला की संपलं.

चष्मेवालीने कापण्याचा हुकूम मागे घेतला. फोटो उजवीकडे पसरला आणि तिथे, अगदी टोकाला, भिंगरी उभी होती. आईच्या खुर्चीपासून हातभर लांब. एक हात खुर्चीच्या पाठीवर, ओठ मिटलेले, नजर सरळ.

सिस्टरनी पडद्याला बोट लावलं. मग त्या एवढ्या रडल्या की आत्याला कुठे बघावं कळेना. चष्मेवालीने पाणी दिलं, नवा फोटो लगेच छापून देते म्हणाली.

"द्याल हो, द्याल," सिस्टर म्हणाल्या. "पण कोणी काढलं ते आधी सांगा. ते कळल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकायची नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलाचं आणि भिंगरीचं शेवटी शेवटी पटत नव्हतं, बोलणंसुद्धा बंद होतं. फोटो मोठा करायला मुलानेच दिला, चौकट त्यानेच निवडली, घेऊनही तोच आला. बहीण मेल्यावरही त्याच्या मनातली अढी जात नसेल आणि त्याने तिला कापायला लावलं असेल, तर सिस्टर त्याचं तोंड बघणार नव्हत्या. मैत्रिणीकडे राहायला जायचं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. एक लेकरू गेलं, दुसरं असं निघालं, मग घर कसलं, असं त्यांचं म्हणणं.

आत्याने उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. फोटो मात्र ठेवून घेतला.

तेवढ्यात दादा आला. दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटला, चौकटीलाच दोन शब्द सुनावले आणि खुर्चीत बसला. उजव्या गालावर दाढीचे खुंट तसेच राहिलेले. आत्याने सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्याला धक्काच बसला. तो फोटो आपणच केलाय, मुलगी फोटोत होती हे पक्कं आठवतंय आणि आपण कापताना कोणालाही कापलेलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या नेहमीच्याच रंगाच्या होत्या.

"आणि एक," तो कुरकुरला, "हल्ली या स्टुडिओत मला कोणी चहा विचारत नाही."

चहाचा कप त्याच्या उजव्या हाताशी केव्हाचा ठेवलेला होता. समोर ठेवलेलं दिसत नाही का, म्हणून आत्याने त्याला झापलं. तो खजील होऊन हसला. चहावर साय धरली होती.

३

मुलाचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. तोट्या, पाइप, वॉशर यांच्या ढिगात तो बसला होता आणि आत्याला पाहताच उभा राहिला, जणू तो तिचीच वाट बघत होता.

आत्याने आडवळणं घेतली नाहीत. कापायला तू सांगितलंस का? तो नाही म्हणाला. चौकटीत बसेल असा करा, एवढंच फोनवर बोललो होतो, म्हणाला. पाळ्या लाल झाल्या नाहीत, पण हातातली तोटी तो उगाच उघडत-मिटत होता. आत्या गप्प बसून राहिली. गप्प बसणं हे तिचं जुनं हत्यार. समोरच्याला ते सहन होत नाही.

शेवटी तो बोलला. फोटो घेऊन येताना वाटेत त्याने कागदाचा कोपरा उचकटून पाहिला होता.

"ती नव्हती त्यात," तो म्हणाला. "चूक झाली, परत द्यावा, असं मनात यायला हवं होतं. मला बरं वाटलं, आत्या. आता रोज भिंतीवरून ती माझ्याकडे बघणार नाही, म्हणून बरं वाटलं. मी तसाच बांधला आणि घरी नेला."

आणि मग त्याने उरलेलंही सांगितलं. फोटोच्या दिवशी दादाने भिंगरीला भावाशेजारी उभं राहायला सांगितलं होतं. हा फक्त तिला ऐकू जाईल असं फटकन म्हणाला, तू तिकडे टोकालाच बरी आहेस. तिला दुसऱ्या गावी नोकरी धरायची होती, याचा विरोध, भांडण एवढंच. ती एक अक्षर न बोलता टोकाला जाऊन उभी राहिली. एरवी हसून, वाकून, वेडावून दाखवणारी ती पोर त्या दिवशी तसूभर हलली नाही. आई म्हणते, शहाण्यासारखी उभी राहिली. ती का हलली नाही ते फक्त याला ठाऊक होतं.

हे आईला सांगू नका, असं तो म्हणाला नाही. तेही त्याने तिच्यावर सोडलं.

दुकानाबाहेर पडताना आत्या विचार करत होती. याने कापायला लावलं नाही, हे तिला पटलं होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि फोटो पाहूनही गप्प राहिला हे कळलं तर सिस्टर त्याला उभ्या जन्मात माफ करणार नाहीत. खरा कापणारा सापडल्याशिवाय हे घर वाचत नव्हतं.

ती स्टुडिओत परतली तर चष्मेवाली काउंटरपाशी हात चोळत उभी होती.

"आत्या, उगाच कोणाला विचारत फिरू नका," ती म्हणाली. "तो फोटो मी कापला. माझ्या हातून चूक झाली."

तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

४

आत्याने तिला काही म्हटलं नाही. घरी जा, डोकं शांत कर, उद्या ये, एवढंच सांगितलं. जाण्याआधी एका फोटोला दिलेले हुकूम कसे बघायचे तेवढं मात्र तिच्याकडून शिकून घेतलं. चष्मेवालीने ते नाराजीनेच दाखवलं, चावी द्यायची नाही आणि नाही म्हणताही येत नाही अशी तिची गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा यायच्या आत आत्या संगणकासमोर बसली. आधी तिने चौकटीतला फोटो पुन्हा नीट पाहिला. जळालेली दुकानं बघून बघून ती एक गोष्ट शिकली होती: काय जळलंय ते सगळेच बघतात, आपण काय जळायचं राहिलंय ते बघायचं. या फोटोत काय राहिलं होतं? उजव्या कडेला, सिस्टरच्या खुर्चीच्या पाठीवर, दोन बोटं. भिंगरीची. बाकीची मुलगी कापली गेली आणि बोटांची टोकं तेवढी राहिली.

ज्याला रागाने तिला नाहीशी करायची होती तो ही बोटं ठेवेल का? दोन मिनिटांचं काम, बोटं पुसून टाकली असती. म्हणजे कापणाऱ्याच्या मनात ती नव्हतीच. त्याने तिला काढलं नाही, त्याला ती दिसलीच नाही.

चष्मेवालीचा प्रश्न त्याहून सोपा होता. फोटो मोठा करून झाला त्या आठवड्यात ती रजेवर होती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आत्यानेच तेव्हा तिच्या जागी फोन घेतले होते. मग ही पोरगी खोटं का बोलते? कोणासाठी?

आत्याने हुकूम उघडले. फोटोवरचे बारीक डाग, धुळीचे कण जिथे जिथे काढले तिथे सॉफ्टवेअर एक गोल वर्तुळ दाखवतं. या फोटोत वर्तुळं बरीच होती, सगळी सैल, मोठी, दादाच्या सढळ हाताची. आणि सगळी डावीकडे. उजवीकडे, माणसांमागच्या कापडी पडद्यावर, मुंगीएवढे कण तसेच होते, त्यांना कोणी शिवलं नव्हतं.

तिने आधीचा फोटो उघडला. मग त्याच्या आधीचा. या महिन्यातले, मागच्या महिन्यातले. सगळीकडे तेच: दादाची मोठी वर्तुळं डावीकडे, उजवीकडे त्याचं एकही नाही. आणि उजवीकडे, दादा घरी गेल्यानंतरच्या वेळेला, दुसऱ्याच कोणाच्या हाताची लहान, नेटकी वर्तुळं. डावीकडे सरकलेलं कापणं कोणीतरी मागाहून गुपचूप सरळ केलेलं. कोणीतरी महिनोन् महिने दादाच्या मागे झाडू घेऊन चाललं होतं आणि त्याला कळू देत नव्हतं. फक्त एका आठवड्यात झाडणारं कोणी नव्हतं. त्या एका आठवड्यात भिंगरी कापली गेली.

मग तिने सिस्टरच्या निवृत्तीच्या दिवसाआधीचे फोटो उघडले. तिथे दादाची वर्तुळं सगळीकडे होती, डावीकडे तेवढीच उजवीकडे.

आत्याला आठवलं. सिस्टरचा फोटो काढला त्याच्या पाठोपाठच दादाला चक्कर आली होती. डोकं दुखतंय म्हणून दोन दिवस पडून होता. पित्त झालं म्हणाला, आणि तिनेही ते खरं धरलं. चौकटीला आपटणारा उजवा खांदा. उजव्या गालावरचे खुंट. उजव्या हाताशी थंड होणारा चहा.

लोकांच्या सोंगांचा छडा लावण्यात जन्म घालवला आणि घरात रोज समोर दिसत होतं ते तिने म्हातारचळ म्हणून थट्टेवारी नेलं. आत्या संगणकासमोर बसून ढसाढसा रडली. नंतर डोळे पुसले आणि चष्मेवालीला फोन करून बोलावून घेतलं.

चष्मेवालीने सगळं कबूल केलं. पहिल्यांदा तिला वाटलं दादा थकलेत. मग लक्षात आलं, उजवीकडचं त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना माहीतही नाही. एकदा भीत भीत डोळे तपासून घ्या म्हणाली तर त्यांनी जवळचा-लांबचा बारीक मजकूर घडाघडा वाचून दाखवला आणि हसले. फोटो हे त्यांचं सगळं होतं. ते काढून घ्यायला तिची जीभ उचलली नाही.

"मला कामावरून काढा," ती म्हणाली, "पण त्यांना सांगू नका."

आत्याच्याही मनात तेच होतं, आणि म्हणूनच तिला स्वतःचा राग आला. सांगायचं नाही, तर कापणारा कोण म्हणून सांगायचं? चष्मेवालीला पुढे करायचं? की सिस्टरच्या मनात मुलाचं नाव तसंच राहू द्यायचं? भाऊ वाचवायचा तर दुसऱ्याचा भाऊ, दुसऱ्याचा मुलगा जातो.

५

संध्याकाळी सगळे आतल्या खोलीत जमले. सिस्टर पिशवी घेऊनच आल्या होत्या. मुलगा दाराशी उभा राहिला, त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या. दादा आपल्या खुर्चीत. चष्मेवालीने सगळ्यांना चहा दिला, दादाचा कप सवयीने त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

आत्याने चौकटीतला फोटो नव्हे, नव्याने छापलेला पूर्ण फोटो त्याच्यासमोर मेजावर मांडला. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"दादा, यात किती माणसं आहेत?"

हा काय पोरकट प्रश्न, असं पुटपुटत त्याने चष्मा लावला. बोट ठेवत मोजलं. सून, नात, मुलगा, सिस्टर.

"चार," तो म्हणाला. मग कपाळावर आठ्या घालून त्याने फोटो पुन्हा पाहिला. "पण मुलगी होती गं यात. मला चांगलं आठवतंय. अजून परत आणली नाही का?"

भिंगरी त्याच्या बोटापासून वीतभर अंतरावर उभी होती.

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला कोण जाणे. त्या उठल्या, आणि उठल्या त्या वॉर्डातल्या सिस्टर. दादाच्या समोर उभं राहून त्यांनी त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं, नजर हलवायची नाही म्हणाल्या. मग एक बोट त्याच्या उजव्या बाजूने हळूहळू आत आणलं. बोट दिसलं की सांगा. बोट कानापासून गालापर्यंत आलं, गालापासून नाकापर्यंत आलं, तेव्हा कुठे तो "हां" म्हणाला. डाव्या बाजूने आणलं तर लांबूनच म्हणाला. डोकं कधी दुखलं होतं, हे त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली.

डोळ्यांना काही झालेलं नाही, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मेंदूत एके जागी रक्त पोचलं नाही आणि उजवीकडचं अर्धं जग यांच्यापुरतं बंद झालं. अशा माणसाला अंधार दिसत नाही. त्याला वाटतं, जग एवढंच आहे. इतके महिने झाल्यावर गेलेलं बहुतेक परत येत नाही, पण पुढचा झटका टाळता येतो. उद्या सकाळी आपण स्वतः त्याला डॉक्टरांकडे नेणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

हे सगळं बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. तो दारातून पुढे येऊन त्यांच्या मागे उभा राहिला होता; त्यांनी फक्त हात मागे नेला, चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि घट्ट धरून ठेवलं. तो मान खाली घालून उभा राहिला. टोकाला उभं करण्याची, कागद उचकटून पाहिल्याची गोष्ट आत्याने सांगितली नाही. ती सांगायचीच असेल तर त्याने कधीतरी सांगावी.

मग सिस्टरनी दुसऱ्या हाताने मेजावरचा फोटो उचलला आणि दादाच्या डाव्या बाजूला सरकवला.

दादा वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"ही बघा," तो म्हणाला. "ही कुठे गेली होती? मी म्हटलं होतं तिला, पोरी, एकदाच हलू नकोस. आणि नाही हलली."

मग त्याला समजलं. आत्याने त्याला समजताना पाहिलं आणि आपण खोलीबाहेर असतो तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्याने मान वळवून चष्मेवालीला शोधलं, ती त्याच्या उजवीकडेच उभी होती, त्यामुळे त्याला बरीच वळवावी लागली. किती दिवस तू माझ्या मागून नीट करतेयस, त्याने विचारलं. ती नुसती रडत होती. मूळ फोटोंना हात लावला नाहीस ना, त्याने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मग सगळे दुरुस्त होतील, तो म्हणाला, आणि खुर्चीवरून उठला. बस इथे, म्हणाला. ती बसेना, तेव्हा आत्याने तिला दंडाला धरून बसवलं.

दादा बाजूच्या स्टुलावर टेकला. आत्याने त्याच्या उजवीकडे राहिलेला कप उचलला, मेजाला वळसा घातला आणि त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

त्याने कपाकडे पाहिलं. मग जिथून ती तो घेऊन आली त्या बाजूला मान वळवून पाहिलं.

"रोज ठेवत होतात होय?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही विसरता."

चहा गार झाला होता. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.